उलट्या आट्यांचा वॉल

माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. वर्गात या दोन्हींचा फायदाच होतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. गावोगावच्या पाणी सोडणाऱ्यांना तीन दिवसांसाठी सोलापुरात बोलवायचं, एका हॉलमध्ये बसवायचं आणि नळाच्या लाइनी आतून कशा धुवायच्या, त्याचं नियोजन कसं करायचं, हे शिकवायचं, हे माझं काम. व्हॉल्व्ह हा शब्द फक्त माझ्या पुस्तकात होता. ज्यांच्या हातात त्याची चावी असते ते सगळे वॉलच म्हणतात, आणि आता मीही तेच म्हणते.

लाइन धुणं ऐकायला सोपं आहे. पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं, मधले दिवस पाइप अर्धवट रिकामे पडलेले असतात. त्यात माती बसते, गंज बसतो, फुटक्या जोडातून गटारीचंही काही आत जातं. मग एक दिवस ठरवून बाकीच्या वाटा बंद करायच्या, सगळं पाणी जोरात एकाच वाटेनं न्यायचं आणि शेवटच्या तोंडातून घाण बाहेर काढायची. सुरुवात टाकीपासून. मोठ्या पाइपापासून लहान पाइपाकडे. मागचं स्वच्छ झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण वाट चुकली तर एका गल्लीची घाण दुसऱ्या गल्लीच्या हंड्यात पडते. हे मी फळ्यावर बाण काढून समजावायची. आणि ज्या दिवशी माझ्या घरच्या नळाला पाणी यायचं, त्या दिवशी जिल्ह्याला पाणी शिकवणारी ही बाई पिंप भरून होईपर्यंत वर्गाला उशिरा पोचायची. वर्गातले लोक ते बघून हसायचे आणि मला राग यायचा.

पहिल्या दिवशी दुपारच्या आधी मी सगळ्यांना कोरे कागद वाटायची. आपापल्या गावच्या लाइनी काढा, वॉल कुठं आहेत ते दाखवा. लोक काय काढतील याचा नेम नसे. कुणी मारुतीचं देऊळ झेंड्यासकट काढी, कुणी सरपंचाचा बंगला गॅलरीसकट, पाइप मात्र कुणाच्या लक्षात नसे. पण काहीतरी काढत सगळेच. एका वर्गात एका माणसाचा कागद मात्र कोराच राहिला. मोहोळच्या पुढं आत एक गाव आहे, तिथले हे मामा. साठीच्या आसपास, डोक्यावर टोपी, खिशाला पेन लावलेलं. पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं.

"मामा, लिहिता येत नाही का?"

"येतंय की."

"मग काढा."

"मला काडायचं न्हाय."

वर्ग हसला. ते हसणं मला लागलं. मी म्हणाले, "मग इथं काय नुसतं जेवायला आलात का?"

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ते ताटाच्या रांगेत दिसले नाहीत. शोधत गेले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून घरून आणलेली कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खात होते. आमच्या हॉलमधलं त्यांनी पुढच्या दोन दिवसांतही काही खाल्लं नाही, चहासुद्धा घेतला नाही. आपण किती हलकट बोलून गेलो, हे मला त्या पायरीवर कळलं. मी शेजारी बसले.

"रागावू नका, मामा. पण नकाशा नसेल तर पुढचं काहीच होत नाही."

"म्हाईत हाय मला." त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "म्याडम, बावीस वर्सं पानी सोडतोय, माज्या देखत चार सरपंच झालं. ग्रामसेवक तर किती आलं न् किती गेलं. मी हाय तितंच. कायम केलं न्हाय, पर काडलंबी न्हाय. का? तर वॉल कुटं कुटं हायती, कुनाचं किती आटं फिरवायचं, ह्ये मला सोडून गावात कुनाला म्हाईत न्हाय. दोन चेंबर तर मी मुद्दाम मातीनं बुजवल्याती, वर शेन टाकलंय. ह्ये कागदावर उतरलं की माजी गरज सपली."

आटे म्हणजे चावीचे फेरे. कुठला वॉल किती आटे उघडला की कुठल्या गल्लीला किती पाणी चढतं, हा सगळा हिशोब त्या टोपीखाली होता.

"मग आलात कशाला?" मी विचारलं. या वेळी आवाज खाली ठेवून.

तेव्हा ते बोलले. त्यांचं घर गावाच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीवर. लाइन तिथं संपते, म्हणजे साऱ्या गावाची माती तिथं येऊन बसते. आदल्या वर्षी वस्तीवर कावीळ आली. शेजारची सून पोटुशी होती, ती गेली. आणि आता त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, दोन महिन्यांनी.

"तिला मी त्येच पानी पाजू व्हय?" मामा म्हणाले.

त्यांनी स्वतःहून लाइन धुवायचा प्रयत्न केला होता. पण वस्तीच्या टोकाला पाणी बाहेर काढायला तोंडच नव्हतं. पाइपाला टोपण ठोकून वर माती ओढलेली. तिथं धुण्याचा वॉल बसवायचा तर पंचायतीची मंजुरी हवी. मंजुरीला नियोजन हवं. आणि नियोजनाला नकाशा. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला पोट, आणि मध्ये माझा कोरा कागद. बावीस वर्षांत त्या माणसाला कुणी याहून वाईट परीक्षेला बसवलं नसेल.

मी त्यांना काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "असं कुठं असतं का मामा? नकाशा असला म्हणून माणूस लागत नाही का? तुम्हाला कुणी हात लावणार नाही. मी आहे ना."

मी कोण होते? वर्षावर्षाच्या करारावर शिकवणारी बाई. माझ्या सहीनं माझा प्रवासखर्चसुद्धा पास होत नव्हता. पण "मी आहे ना" हे मी इतक्या सहज बोलले की मलाही ते खरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या गावात गेले. सकाळपासून ऊन तापेपर्यंत आम्ही दोघं चाललो. मामा लिंबाच्या झाडापासून पावलं मोजायचे, थांबायचे, चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं माती चाचपायचे आणि म्हणायचे, हितं. कुदळ मारली की फरशी लागायचीच. शेणाखालचे ते दोन चेंबर त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरले. मी लिहीत गेले: अकरा आटे, चौदा आटे, हा निम्माच उघडायचा. मला इतका आनंद झाला होता की त्यांच्या तोंडाकडं मी पाहिलंच नाही.

शाळेच्या मागं एक चेंबर होतं. तिथं मामा उकिडवे बसले, टॉवेलनं मान पुसली आणि उठेनात.

"ह्यो एक ऱ्हाऊ द्या."

"मामा, एक वॉल सुटला तर सगळं फसतं. पुढची सगळी वस्ती याच्यावर आहे ना?"

"मी हाय न्हवं तवा? मी फिरवीन की."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

त्यांनी फरशीवरची माती हातानं सारखी केली. मी पुन्हा म्हणाले, "मामा, मी आहे ना."

मग त्यांनी सांगितलं. बाकी सगळे वॉल उजवीकडं फिरवले की बंद होतात. हा उघडतो. कधी काळी कुणी बसवला, कुठून आणला, कुणालाच ठाऊक नाही, पण आटे उलटे. माहीत नसलेला माणूस उघडायला म्हणून बंद करत जातो, वॉल अडला की जोर लावतो आणि आतला दांडा मोडतो. "मंग निम्मं गाव न् समदी वस्ती कोरडी," मामा म्हणाले. मी लाल पेन काढलं आणि त्या वॉलपुढं लिहिलं: उलटे आटे, जोर लावू नये. लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मंजुरी आली, वस्तीच्या टोकाला तोंड बसलं, आणि धुण्याचा दिवस ठरला. माझ्या नियोजनात सगळं होतं. कुठला वॉल कधी बंद, कुठला कधी उघडा, काचेच्या बाटल्या, क्लोरीन तपासायचं औषध, आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून सूचना. मामांनी कागद वाचला आणि विचारलं, "लाइट कवा घालवायची?"

मला कळेना. ते म्हणाले, "म्याडम, नळाला पानी आलं की गावात घरटी मोटार चालू व्हती. तुमी हिकडनं घान ढकलनार आन् ती घरोघरच्या मोटारी वडून घेनार. समदी घान लोकांच्या पिंपात."

माझ्या पुस्तकात मोटारी नव्हत्या. ते पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावात बहुधा पाणी रोज येत असावं. मी इतकी वर्षं हे शिकवत होते आणि किती गावांच्या पिंपांत मी घाण ओतायला लावली असेल, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. मामांनी वायरमनला आधीच गाठून ठेवलं होतं. धुणं चालू असेपर्यंत गावातली लाइट बंद.

सकाळी टाकीपासून सुरुवात केली. गाव नीट पार पडलं. वस्तीवर आलो तर बायका हंडे घेऊन उभ्या. नव्या तोंडातून चहासारखं पाणी उसळून बाहेर पडायला लागलं आणि एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. "आमच्या घशाला कोरड, आन् तुमी पानी वाटंवर सोडताय व्हय गं? हात झडतील तुमचं!" एकीनं हंडा त्या गढूळ धारेखाली धरलासुद्धा. मी ओरडले, तर तिनं मला दुप्पट ऐकवलं. मामांनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी आदल्या दिवशीच चर खणून ती धार शेजारच्या कडवळात वळवायची सोय केली होती. ते म्हातारीला म्हणाले, "आत्ती, वाया न्हाय जात. जनावरांचा चारा भिजतोय बगा की." पाणी कडवळात शिरताना दिसलं तशी म्हातारी गप्प झाली, हंडाही मागं सरला.

मामा बाटली भरायचे, उन्हात धरायचे, ओतायचे, परत भरायचे. चहा, मग ताक, मग नुसतं धुरकट. शेवटी एका बाटलीतून पलीकडची त्यांच्या घराची भिंत स्वच्छ दिसली. ती बाटली त्यांनी ओतली नाही, झाकण लावून घरात नेऊन ठेवली.

आमच्या कार्यक्रमाचा नियम होता की नकाशा दर्शनी भागात लावायचा. मी घरी बसून तो सुबक पुन्हा काढला, रंग भरले, लॅमिनेट करून आणला आणि पंचायतीच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला. फोटो निघाले. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, मध्ये मी. मामा कुदळ घेऊन दारात उभे होते, ते फोटोत आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

पुढं त्यांचा एकच फोन आला. "म्याडम, नात झाली. दोघीबी बऱ्या हायती." मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

पावसाळा गेला. एका वर्गात चहाच्या सुट्टीत शेजारच्या गावचा माणूस बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "तुमच्या त्या मामाला काडलं की, म्याडम. आता कंत्राट दिलंय, त्येचा मानूस येतो फटफटीवर. तीन गावं बगतोय एकटा." तो हे सहज बोलला. माझ्या हातातला कप कसा खाली ठेवला गेला ते मला आठवत नाही. पुढचा तास मी काय शिकवलं तेही आठवत नाही.

आधी मी आमच्याच कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "आपला विषय प्रशिक्षणापुरता. नेमणुका पंचायतीचा प्रश्न." मी पत्र लिहिलं. दुसरं लिहिलं. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. सगळे माझ्याशी फार गोड बोलले, आणि ते गोड बोलणं ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. शेवटी एका पाण्याच्या दिवशी पिंप रिकामं सोडून मी एसटी पकडली.

ग्रामसेवक नवा होता, वागायला सभ्य. त्यानं चहा मागवला. मी म्हणाले, "बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला तुम्ही असं कसं काढता?"

"काढलं असं न्हाय, मॅडम. ते कायम नव्हतेच. आणि खरं सांगू का, तुमचा नकाशा लई भारी हाय. आधी त्यांच्यावाचून अडायचं. आता कुणीबी येऊन करतंय. तुमचे आभारच मानायला पाहिजेत."

माझं डोकं फिरलं. मी उठले, भिंतीवरचा नकाशा खिळ्यावरून ओढून काढला आणि काखेत मारला. त्यानं मला अडवलं नाही. तो जरा ओशाळून हसला आणि म्हणाला, "न्या की मॅडम. फोटो हाय सगळ्यांच्या मोबाइलमधी."

काखेत नकाशा घेऊन मी उन्हात वस्तीपर्यंत चालत गेले. मामा घरी होते. दोन दिवसांनी श्रीपूरला कारखान्यावर रोजानं जायचं होतं, पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली होती. त्या वयात. लेक अजून माहेरीच होती. तिनं तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं, कडेवर पोर. पाणी नितळ होतं. कोनाड्यात ती झाकण लावलेली बाटलीही तशीच होती. मी भांडं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मामा, माझं चुकलं," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. वर्गात पन्नास माणसांना गप्प करणारी बाई मी, त्या ओसरीवर पोरासारखी रडले. लेक आत निघून गेली.

मामांनी कोनाड्यातली बाटली उतरवून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "तुमी शिकवलं ते खोटं न्हवतं, म्याडम. पानी बगा की. नात पितीया. मी कागद काडला नसता तर माजं काम ऱ्हायलं असतं, पर ह्ये पानी न्हाय. त्येचं मला वाईट न्हाय वाटत."

मी डोळे पुसले. मला वाटलं, त्यांनी मला सोडवलं.

"पर त्यो शाळंमागचा वॉल," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळंच असेल, मला तो अजून ऐकू येतो. "त्यो उलट्या आट्यांचा. तेवडा मी मागं ठिवनार हुतो. समदं दिलं असतं, त्यो एक न्हाय. मंग त्या फटफटीवाल्यानं दांडा मोडला असता, आन् मला बलवायला त्येंनाच हितवर यावं लागलं असतं. मी तितं बसून लई विचार केला. पर तुमी म्हनला, मी हाय न्हवं. म्हनलं, म्याडम हाईत, मंग कशाला झाकून ठिवायचं?"

काखेतला नकाशा मी मांडीवर घेतला. लॅमिनेटखाली तो वॉल होता, त्याच्यापुढं माझ्या सुंदर अक्षरात लाल शाईनं लिहिलेलं, खाली दोन रेघा.

मी अजून शिकवते. कोरे कागदही वाटते, कारण दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीवर कुणाची तरी लेक यायची असते, आणि नकाशाशिवाय लाइन धुता येत नाही. याला दुसरी वाट मला अजून सापडलेली नाही. लाइट घालवायची असते, हे आता पहिल्याच दिवशी सांगते. परवा एकानं कागद कोरा ठेवला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून वाट पाहिली. "मी आहे ना" हे मला या वेळी म्हणता आलं नाही.